माहे दोन गेले लढाईत

ताई, सप्रेम जयभीम.

मी इंदोऱ्याला राहते. माझं वय ६६, सासूबाईंचं ९५. आईंना चार मुलगे, चौघंही फौजेत. १९७१ची लढाई झाली तेव्हा चौघांच्या अंगावर वर्दी होती. थोरले आणि दुसरे पश्चिम सीमेवर, तिसरे पूर्वेकडे. आमचे हे सगळ्यांत धाकटे, तेव्हा अठरा वर्षांचे, ट्रेनिंगमध्ये होते. तिसरे त्या डिसेंबरात शहीद झाले. वीस वर्षांचे होते, लग्न व्हायचं होतं. थोरले सुभेदार होऊन घरी आले, २०१६ला वारले. दुसरे लढाईतून आले, पण पहिल्यासारखे राहिले नाहीत. दारू लागली. ११ वर्षं नोकरी करून १९७८ला फौज सोडली. १९८०ला मी लग्न होऊन आले तेव्हा ते रात्री ओरडत उठायचे, खाटेखाली जाऊन झोपायचे. मला मात्र कधी वाकडं बोलले नाहीत. बरे असले की पहाटे उठून नळाचं पाणी भरून ठेवायचे. त्यांची बायको मुलीला घेऊन भंडाऱ्याला माहेरी गेली, आणि १९८४ला ते गेले, पस्तिसाव्या वर्षी. तेव्हापासून घरात त्यांचं नाव निघत नाही. भिंतीवर तिघांचे फोटो आहेत, त्यांचा नाही.

यंदा १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, विहाराच्या पटांगणात वस्तीतली मंडळी आईंचा वीरमाता म्हणून सत्कार करणार आहेत. फलकावर तिसऱ्यांचंच नाव आहे. ते बोलवायला आले तर आई म्हणाल्या, "चौघाईचे नावं घ्या, मंग येतो मी. एकट्याचंच घेत असान त शाल तुमच्याचपाशी राहू द्या." मंडळी म्हणाली, आजी, शहीद तर एकच आहे. आई म्हणाल्या, "सरकारच्या हिशेबानं एक. माहे दोन गेले लढाईत. एक लवकर गेला, एक हळूहळू गेला."

थोरल्या दिरांचा मुलगा चिडलाय. दारुड्याचं नाव शहिदाच्या बरोबरीनं घेणं हा शहिदाचा अपमान आहे, म्हणतो. आमचे हे विषय निघाला की चप्पल घालून बाहेर जातात. आईंनी उशाखालची कागदांची पिशवी आता छातीशी धरून ठेवलीय, कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांना कसं समजवावं?

— एक सून, इंदोरा, नागपूर

*

जयभीम ताई.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, वय झालंय, हट्टाला पेटल्या असतील, सून बिचारी मधल्यामधे अडकलीय. दुसऱ्यांदा वाचताना आईंचं ते शेवटचं वाक्य आलं आणि मी थांबले. तिसऱ्यांदा वाचलं ते तेवढंच वाक्य. आईंना सगळं समजतंय, ताई. तुमच्या घरात सगळ्यांत नीट बोलल्या आहेत त्या त्याच. मी त्यांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माहीत असावं.

एक गोष्ट नीट बघा. दुसऱ्याला शहीद म्हणा, असं आई म्हणतच नाहीत. नाव घ्या म्हणतात. तुमच्या पुतण्यानं जे ऐकलं आणि आई जे बोलल्या, त्यात एवढं अंतर आहे. 'शहीद' हा शब्द तिसऱ्यांचा आहे, तो त्यांच्यापाशीच राहील. दिल्लीत २०१९पासून राष्ट्रीय समर स्मारक उभं आहे. तिथे त्याग चक्रात ग्रॅनाइटवर स्वातंत्र्यानंतर रणात पडलेल्या पंचवीस हजारांहून जास्त सैनिकांची नावं कोरली आहेत. तिसऱ्यांचं नाव तिथलं आहे. फलकावर आणखी तीन नावं आली म्हणून त्या दगडावरचं अक्षर पुसट होत नाही.

आपल्याकडचे जुने दगड तर आईंचाच हिशेब सांगतात. साताऱ्याकडे, पुण्याकडे, कोकणात पुष्कळ गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यावर इंग्रजीत मजकूर असतो, की या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. पहिला आकडा गेलेल्यांचा, सगळ्यांचा. न परतलेल्यांचा आकडा त्याच्याखाली. पाटी लावणारं सरकार परकं होतं, बहुतेक ठिकाणी नाव एकही लिहिलं नाही, तरी गावातून निघाले किती हे आधी सांगावं एवढं त्यालाही कळलं होतं. आईंनी चौघं पाठवले. त्या चौघांपासून मोजायला सुरुवात करताहेत, यात वावगं काय आहे?

माझं लहानपण कामठीत गेलं. छावणीचं गाव, आणि आमच्या गल्लीत घरोघरी बिड्या वळायच्या. १९७१ला मी आठ वर्षांची होते. फौजेतल्या पोरांची पत्रं यायची, त्यावर गावाचं नाव कधीच नसायचं. फक्त एपीओ, म्हणजे फौजेच्या डाकघराचा नंबर. पश्चिमेकडचं असेल तर ५६ एपीओ, पूर्वेकडचं असेल तर ९९ एपीओ, बस. पोरगा वाळवंटात आहे की नदीकाठी, आईला कळायचं नाही. पोस्टमनची घंटी वाजली की बायांचे हात सुपावर थांबायचे. पत्र आलं तर पोस्टमनच ओट्यावर बसून वाचून दाखवायचा, मनीऑर्डर असेल तर फॉर्मच्या खालच्या पट्टीवर लिहिलेल्या दोन ओळी वाचायचा, आणि ती पट्टी बाया जपून ठेवायच्या. तारवाला आला तर मात्र शेजारच्या घरांचीही दारं उघडायची. त्या तेरा-चौदा दिवसांत, ३ डिसेंबर ते १६ डिसेंबर, तीन मुलं सीमेवर असलेल्या बाईनं घंटी कशी ऐकली असेल, हे मला आजही नीट कल्पून बघता येत नाही. एकाच बाईची तीन ठिकाणची भीती.

आणि तिसऱ्यांचं काय आलं घरी? तुम्ही लिहिलं नाही, पण तो काळ मला ठाऊक आहे म्हणून विचारते. आज तिरंग्यात लपेटलेलं पार्थिव गावात येतं, सगळा गाव रस्त्यावर उभा राहतो. ही रीत १९९९च्या कारगिलपासून पडली. १९७१ला सहसा तिकडेच अंत्यसंस्कार व्हायचे. घरी यायची तार, मग पत्र, मग ट्रंक. म्हणजे आईंनी तिसऱ्या लेकाचं तोंड शेवटचं पाहिलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. दुसऱ्याचं मात्र त्या पाहत राहिल्या, आधी सुटीत, मग रोज. बारा वर्षं. एका लेकाचं मरण त्यांना बघायला मिळालं नाही आणि दुसऱ्याचं संपेचना. त्यांनी 'हळूहळू' हा शब्द उगाच नाही वापरला.

मी डॉक्टर नाही, चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं निदान मी करणार नाही. पण रात्री ओरडत उठणं, खाटेखाली आडोसा शोधणं, झोप यावी म्हणून पिणं आणि मग पिणंच उरणं, हे लढाईतून आलेल्या कितीतरी माणसांच्या बाबतीत जगभर लिहून ठेवलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणत. 'पीटीएसडी', म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, हे नाव मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं १९८०ला. तुमचे दीर १९७२ला घरी आले असतील तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. त्यांच्या दुखण्याला त्या वेळी वस्तीत एकच नाव होतं, बेवडा. तेच अजून तुमच्या पुतण्याच्या तोंडात आहे. त्याला दोष देऊ नका, त्यानं ते मोठ्यांकडून ऐकलंय. पण आता ते बदलायची वेळ आली आहे.

आणि हेही लिहिते, कारण ते लपवलं तर माझं बोलणं अर्धवट होईल. दारूनं त्यांच्या बायकोनं आणि मुलीनं जे सोसलं ते खरं आहे. नाव घेतल्यानं ते धुऊन निघत नाही, आणि त्यांनी घर सोडलं यात त्यांची चूक मला दिसत नाही. माणूस आजारी होता आणि त्याच्यापायी घरच्यांचे हाल झाले, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. आईंनी ती दोन्ही ४१ वर्षं मनात धरून ठेवली आहेत.

एका आईची गोष्ट सांगते. इंग्लंडमधल्या लिंकनशायरची एमी बीची. पहिल्या महायुद्धात तिचे आठही मुलगे सैन्यात होते. पाच गेले. १९१८ला तिची राजा पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्याशी भेट घडवली, आणि राणीनं तिच्या त्यागाबद्दल आभार मानले. तेव्हा ती म्हणाली असं सांगतात, की त्याग वगैरे काही नाही, बाईसाहेब, मी काही त्यांना राजीखुशीनं दिलं नव्हतं. तिच्या दाराशी शाल नव्हती आणि श्रीफळ नव्हतं, पण प्रसंग तोच होता. बाहेरचे लोक त्यांच्याजवळचा मोठा शब्द घेऊन येतात, आणि आई म्हणते, माझं जे झालं ते या शब्दात बसत नाही. तुमच्या आईंनी तर राणीपेक्षा वस्तीतल्या मंडळींना सोपं काम दिलंय. चार नावं वाचायची आहेत.

आता मंडळींकडे जायचं ते तुम्ही जा. फलक छापून झालाय ही मोठी अडचण नाही, दुसरा छापता येतो. त्यांना मजकूर लिहूनच द्या. आईंचं नाव, आणि खाली चारही मुलांची नावं जन्माच्या क्रमानं, प्रत्येकापुढे भरतीचं वर्ष आणि सेवा संपल्याचं वर्ष. 'शहीद' तिसऱ्यांच्याच नावाआधी. दुसऱ्यांच्या नावापुढे १९६७ ते १९७८ एवढंच. खरं आहे तेवढंच. कोणी विचारलंच की ते कशानं गेले, तर सांगा, लढाईतून आल्यावर आजारी होते. मंडळी तयार झाली तर आईंना पटांगणात न्या, पण दुपारच्या उन्हात. डिसेंबरातली नागपूरची संध्याकाळ ९५ वर्षांच्या छातीला सोसायची नाही, आणि सातचा कार्यक्रम पाहुणे येईपर्यंत साडेआठला सुरू होतो. तयार झाली नाहीत तर सत्कार नको म्हणा, भांडू नका, आणि त्या दिवशी घरीच वंदना घ्या. भन्तेजींना बोलवा. चारही फोटो ठेवा. दुसऱ्यांचं पुण्यानुमोदन तरी धड झालं होतं का? माझा अंदाज आहे की घाईत उरकलं असेल.

फोटो नाही म्हणाल, तर त्यांच्या डिस्चार्ज बुकात असेल. आणि ट्रंक शोधा, किंवा आईंची पिशवी. १९७१ला पश्चिम आघाडीवर जे लढले त्यांना पश्चिमी स्टार मिळालाय, पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार, आणि त्या भागात तैनात असलेल्यांना संग्राम पदकही. १५ ऑगस्ट १९७२ला जे नोकरीत होते त्या सगळ्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक मिळालं, म्हणजे तुमच्या मिस्टरांनाही. या पदकांवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. दुसऱ्यांचं पदक सापडलं तर ते पुतण्याच्या हातात द्या आणि उजेडात धरून त्यावरचं नाव वाचायला सांगा. काही बोलू नका. काकांचं नाव कोरण्याआधी सरकारनं ते पुढे कसे मरतील हे विचारलं नव्हतं. पदकं हरवली असली तर नंबर तरी कुठल्याशा कागदावर मिळेलच, आणि नंबर मिळाला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं ते विचारता येईल.

त्याच पुतण्याला नळाच्या पाण्याची गोष्टही सांगा. ही तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलीत आणि पुढे गेलात, पण मला वाटतं या घरात त्या माणसाबद्दलची एवढी एकच चांगली आठवण आज बोलता येईल अशी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. नवी नवरी घरात आलीय, तिला पहाटे रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून रात्रभर न झोपलेला दीर गुंड-हंडे भरून ठेवतो. पुतण्यानं काकांचा एवढा चेहरा तरी पाहावा.

राहिले तुमचे मिस्टर. त्यांच्याबद्दल मी सगळ्यांत जास्त विचार केला. चार भावांत लढाई न पाहिलेले ते एकटे. तिसरा भाऊ गेला तेव्हा हे कवायत करत होते. दुसरा भाऊ डोळ्यांदेखत संपला तेव्हा हेही वर्दीतच असतील, सुटीवर येऊन बघून परत जात असतील. आज चौघांतले तेच उरलेत. चप्पल घालून बाहेर जाणारा माणूस रागावलाय असं आपल्याला दिसतं, पण मला त्यात लाज दिसते, की मी काहीच करू शकलो नाही. त्यांना स्टेजवर बोलायला लावू नका. 'मन मोकळं करा' असंही म्हणू नका. आईंनी पिशवी सोडली तर ते कागद लावायला त्यांना बसवा. क्रमानं लावा म्हणा, वर्षाप्रमाणे. फौजी माणसाला काम दिलं की तो बसतो. कागद हातात आल्यावर बोलायचं असेल ते बोलतील, नाही बोलले तरी बसलेले असतील, आईच्या शेजारी. तुम्ही चहा ठेवा आणि आत जा.

पिशवी मात्र मागू नका. आईंना आधी सांगा, चौघांची नावं लिहून दिलीत. वाचून दाखवा. मग बघा त्या हात सैल करतात का.

शेवटचं काम भंडाऱ्याचं, आणि ते या सगळ्यात आधी करायचं आहे. तुमच्या जाऊबाई हयात असतील तर सत्तरीच्या पुढे असतील, आणि मुलगी पन्नाशीजवळ. तिच्या बापाचं नाव चार लोकांत घेतलं जाणार असेल तर तिला ते आधी कळलं पाहिजे. यावंच असा आग्रह धरू नका. नाही म्हणाली तर तेही तिच्या हक्काचं आहे. जाऊबाईंसाठी एक माहिती ठेवा. शिपायाला पेन्शनला १५ वर्षांची नोकरी लागते, दिरांची ११ झाली होती, म्हणजे त्यांना बहुधा पेन्शन नसणार. पण पेन्शन नसलेल्या, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या ६५ वर्षांवरील विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची दरमहा मदतीची योजना आहे. पेन्युरी ग्रँट म्हणतात. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. त्यांना अटींत बसतं का ते तिथे विचारा, आणि चौकशी तुमच्या घरानं करून द्या. एवढं तर त्या घरचं देणं आहेच.

फोन तुम्हीच करा, मिस्टरांवर सोडू नका. नंबर कुणाकडे नाही असं तुम्हाला वाटत असेल. आईंना विचारून बघा. माझा अंदाज आहे, त्या पिशवीत आहे.